घरचं वायफाय सारखं तुटतंय? कस्टमर केअरला फोन लावायच्या आधी हे करून बघा

"नेट गेलं" असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर तीन वेगवेगळ्या गोष्टी झालेल्या असू शकतात. एक म्हणजे बाहेरून येणारी फायबरची लाईनच बंद पडलीये. दुसरी, लाईन ठीक आहे पण राउटर मध्येच बंद पडून परत चालू होतोय किंवा हँग होतोय. आणि तिसरी, लाईन पण ठीक, राउटर पण ठीक, फक्त राउटरपासून मोबाईलपर्यंत हवेतून जो सिग्नल येतो तो कुठेतरी मार खातोय. मोबाईलवर तिन्ही वेळा दिसतं तेच, गोल फिरणारं चक्र, म्हणून आपण सरळ कंपनीला फोन लावतो, तिकडून "सर राउटर एकदा बंद करून चालू करा" येतं, ते केलं की दोन तास बरं चालतं आणि संध्याकाळी परत तेच. तर आधी हे शोधायचं की तीनपैकी नक्की काय बिघडलंय. त्याला कुठलंही यंत्र लागत नाही, एक मोबाईल, जमलं तर एक लॅपटॉप आणि तासभर वेळ पुरतो. फायबर कनेक्शन धरून लिहितोय कारण आता बहुतेकांकडे तेच आहे.

सगळ्यात आधी: रिसेट करू नका

राउटरच्या मागे टाचणीने दाबायचं एक बारीक भोक असतं त्याला हात लावायचा नाही. ते दाबून धरलं की कंपनीच्या माणसाने टाकलेलं युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचं म्हणजे कंपनीच्या लाईनला जोडणारं सेटिंग सगळं पुसलं जातं. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये ते आपोआप परत येतं, सगळ्यांच्यात येत नाही, आणि मग अधूनमधून तुटणारं नेट पूर्णच बंद होतं आणि माणूस येईपर्यंत मोबाईल डेटावर दिवस काढायचे. रिस्टार्ट वेगळं, म्हणजे स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबून परत चालू करणं, ते खुशाल करा, पण त्याआधी खाली दिलेलं दिव्यांचं आणि अपटाइमचं (राउटर किती वेळ सलग चालू आहे त्याचं) बघून घ्या कारण रिस्टार्ट केलं की पुरावाच जातो.

दिवे बघा, फोटो काढा

नेट बंद असतानाच राउटरच्या पुढच्या दिव्यांचा मोबाईलवर फोटो काढा. दोन दिवे महत्त्वाचे, एक पॉन (PON), म्हणजे कंपनीशी जोडणी झाल्याचा, आणि दुसरा एलओएस (LOS), म्हणजे सिग्नल गेल्याचा. पॉन हिरवा आणि स्थिर पाहिजे. एलओएस बंद पाहिजे. एलओएस लाल लागला असेल किंवा लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये, म्हणजे लाईन तुटलीये नाहीतर कुठेतरी जास्त वाकलीये, तिथे वायफायची सेटिंग बदलून काहीही होणार नाही. पॉन नुसताच लुकलुकत राहिला, स्थिर होत नाही, तर प्रकाश येतोय पण कंपनीकडच्या मशीनशी जुळत नाहीये, हे पण कंपनीचंच काम. दोन्ही दिवे नीट आहेत आणि तरी नेट नाही असं असेल तर पुढे वाचा.

एलओएस लाल असेल तर फोन करण्याआधी एकच गोष्ट घरी बघायची, ती बारीक पांढरी किंवा पिवळी वायर जी भिंतीवरच्या छोट्या डबीतून राउटरच्या मागे जाते. ती पॅचकॉर्ड. आत केसासारखी काच असते. बऱ्याच घरात राउटर दारापाशी चपलांच्या रॅकवर ठेवलेला असतो कारण फायबर तिथूनच आत आली, आणि रॅक भिंतीला सरकवला की ती वायर मागे काटकोनात दाबली जाते. तुटत नाही पण प्रकाश वाकणावर बाहेर गळतो, आणि मग नेट कधी चालतं कधी नाही. वायर मोकळी करा, जास्तीची असेल तर मोठी सैल गुंडाळी करा, छोटी घट्ट गुंडाळी नको आणि रबर बँड तर नकोच. मागचं टोक क्लिक होईपर्यंत बसलंय का बघा. आणि त्या टोकाचा रंग बघा, हिरवा किंवा निळा. हिरव्याचं टोक आत तिरकं घासलेलं असतं आणि निळ्याचं सरळ, त्यामुळे हिरवं टोक निळ्या सॉकेटमध्ये घातलं तर बसतं बरोबर पण दोन काचा नीट टेकत नाहीत आणि प्रकाश कमी पडतो. घाईत वायर बदलून गेलेल्या माणसाकडून हे होऊ शकतं. एक गोष्ट कळकळीने सांगतो, काढलेल्या टोकात डोळा लावून बघू नका आणि मुलांना पण बघू देऊ नका, आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो.

घराबाहेरची वायर सोसायटीच्या डक्टमधून किंवा खांबावरून, झाडावरून आलेली असते. पावसाच्या आधी फांद्या छाटायला माणसं येतात, मंडप पडतात, उंदीर कुरतडतात, गच्चीवर पाण्याच्या टाकीचं काम निघतं, ह्या सगळ्यात फायबर ओढली जाते. कालपर्यंत ठीक होतं आणि आज लाल दिवा, असं असेल तर आधी वॉचमनला विचारा की आज गच्चीवर किंवा डक्टमध्ये कोणी काम केलं का. माणूस आल्यावर त्याला हे सांगितलं की त्याचा शोधण्याचा वेळ वाचतो.

अपटाइम, जो कोणी बघत नाही

माझ्या मते घरच्या घरी करता येण्यासारखी ही सगळ्यात कामाची तपासणी आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. मोबाईल वायफायला जोडा, वायफायच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या नावावर टॅप करून गेटवे (म्हणजे राउटर) म्हणून जो पत्ता दिसतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, तो ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाका. लॉगिन राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतं, नसेल तर कंपनीला विचारा. आत स्टेटस नावाचं पान असतं, तिथे सिस्टीम अपटाइम आणि वॅन किंवा इंटरनेट अपटाइम असे दोन आकडे शोधा. पहिला म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे, दुसरा म्हणजे इंटरनेट किती वेळ सलग जोडलेलं आहे.

आता समजा तुम्ही राउटर आठवडाभर बंद केलेला नाही आणि सिस्टीम अपटाइम दाखवतोय दोन तास. म्हणजे राउटर स्वतःच बंद पडून चालू झाला. वीज, अडॅप्टर, उष्णता ह्यातलं काहीतरी. सिस्टीम अपटाइम सात दिवस आणि वॅन अपटाइम वीस मिनिटं, तर राउटर ठणठणीत आहे आणि लाईन तुटून जोडली जातेय, कंपनीकडे जा. दोन्ही सात दिवस आणि तरी तुमचं नेट दिवसातून दहा वेळा जातंय, तर बहुतेक दोष वायफायमध्ये आहे, हवेत. एका पानावर निम्मा निकाल लागतो.

तिथेच पॉन किंवा ऑप्टिकल नावाचं पान असेल तर आरएक्स पॉवरचा, म्हणजे राउटरपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाच्या जोराचा, आकडा बघून लिहून ठेवा. तो वजा मध्ये असतो. उणे १५ ते उणे २४ च्या आसपास असेल तर छान. उणे २७ ही बहुतेक घरगुती मशीनची शेवटची हद्द, त्याच्या जवळ असेल तर नेट लटपटणारच, जरा ऊन, जरा ओल, जरा वायर हलली की गेलं. आकडा ३ ने खाली गेला म्हणजे प्रकाश निम्मा झाला एवढं लक्षात ठेवा. आज चांगलं चाललेलं असताना पण हा आकडा टिपून ठेवा, पुढे बिघडेल तेव्हा तुलना करता येते.

राउटर स्वतःच बंद पडत असेल तर

अडॅप्टर बघा आधी. त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, १२ व्होल्ट १ अँपिअर किंवा १.५ किंवा २, आणि राउटरच्या स्टिकरवर काय लागतं ते असतं. व्होल्ट अगदी तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी चालत नाहीत. सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर पिन बसतेय म्हणून लावला आणि तो कमी अँपिअरचा असला तर घरातले सगळे मोबाईल एकदम जोडले गेले की राउटर धाप लागून रिस्टार्ट होतो, रात्री एकटा मोबाईल असताना मात्र मस्त चालतो, आणि आपल्याला वाटतं रात्री नेट चांगलं असतं.

लाईट गेल्यावर नेट परत यायला पाच मिनिटं लागतात ही तक्रार असेल तर राउटरसाठीचा छोटा मिनी यूपीएस घ्या, तो अडॅप्टरच्या आणि राउटरच्या मध्ये लागतो. घरात इन्व्हर्टर असूनही राउटर रिस्टार्ट होत असेल तर बऱ्याच इन्व्हर्टरला इको आणि यूपीएस असा एक स्विच असतो, तो यूपीएसवर करून बघा, लाईट गेल्यावर बदल लवकर होतो.

आणि उष्णता. बऱ्याच घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ च्या पुढे जातं, आणि राउटर जर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला असेल तर आतलं तापमान काय होत असेल विचार करा. दुपारी तीन ते सहा नेट तुटतं आणि रात्री बरं असतं असं असेल तर राउटर उघड्यावर काढून दोन दिवस बघा, एवढ्यानेच सुटण्याची बरीच शक्यता असते.

पिंग लावून बघा

लाईन की वायफाय ह्याचा पक्का निकाल पिंगने लागतो, म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघायचं. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या (विंडोजमधला आज्ञा टाइप करायचा प्रोग्राम) दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग असं इंग्रजीत लिहून पुढे गेटवेचा पत्ता, दुसरीत पिंग आणि पुढे ८.८.८.८, जो गूगलचा पत्ता आहे. विंडोजवर शेवटी स्पेस देऊन मायनस टी लावलं की तुम्ही थांबवेपर्यंत चालू राहतं. मोबाईलवर पिंगची फुकट अ‍ॅप्स मिळतात. आता पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या आणि नेट अडकलं की दोन्ही खिडक्या बघा.

गेटवेला उत्तर १ ते ५ मिलिसेकंदात येतंय, एकही ओळ चुकत नाहीये, आणि ८.८.८.८ वाल्या खिडकीत रिक्वेस्ट टाइम्ड आउट येतंय: दोष राउटरच्या पलीकडे. गेटवेलाच टाइम आउट येतंय किंवा २ वरून एकदम ३००, ५०० असे आकडे उड्या मारतायत: दोष तुमच्या घरातल्या हवेत. दोन्ही एकदम स्वच्छ आहेत आणि तरी साइट उघडत नाहीये पण व्हॉट्सअ‍ॅप चालतंय, असं असेल तर डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा, घोळ असू शकतो, राउटरमध्ये किंवा मोबाईलमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकून बघा.

शक्य असेल तर हीच टेस्ट लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून परत करा. केबलवर स्वच्छ आणि वायफायवर घाण, म्हणजे मग वाद संपला. केबल लावल्यावर एक गंमतशीर गोष्ट कधी कधी दिसते, प्लॅन २०० एमबीपीएसचा असतो आणि स्पीड टेस्ट दर वेळी ९४ वर अडकते. त्या केबलमधली एखादी तार तुटलेली किंवा टोक नीट बसलेलं नसतं. गिगाबिटला (१००० एमबीपीएसच्या जोडणीला) आठही तारा लागतात, १०० च्या जोडणीला चारच पुरतात, म्हणून एक तार गेली तरी चालू राहतं पण १०० च्या वर जात नाही. केबल बदला.

आता वायफायचं

राउटर दोन प्रकारे बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब जातो, भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण हळू असतो आणि तिथे गर्दी भयंकर, सोसायटीतले सगळे राउटर, ब्लूटूथ, वर मायक्रोवेव्ह ओव्हन पण त्याच पट्ट्यात चालतो. ५ जलद असतो, गर्दी कमी, पण एक-दोन भिंतींत दम तोडतो. आरसीसीचे कॉलम, लिफ्टची भिंत, लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी, ह्यांच्यामागे ५ जवळजवळ जातच नाही. कोकणात जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरात तर ओटीवर ठेवलेल्या राउटरचा सिग्नल मागच्या पडवीत पोचला तर नशीब, आणि भिंती पावसात ओल धरतात तेव्हा अजून कमी.

म्हणून पहिलं काम जागा. घराच्या साधारण मध्यावर, छातीच्या उंचीवर किंवा त्याच्या वर, उघड्यावर. फायबर दारापाशी आलीये म्हणून राउटर दारापाशीच पाहिजे असं काही नाही, लांब पॅचकॉर्ड मिळते, इन्स्टॉल करायला आलेल्या माणसाला आग्रहाने सांगा, नंतर हलवायला खर्च येतो.

दुसरं काम चॅनल, म्हणजे पट्ट्यातला तो छोटा भाग ज्यावर राउटर बोलतो. अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं अ‍ॅप घ्या, आयफोनवर अ‍ॅपलच्याच एअरपोर्ट युटिलिटी अ‍ॅपमध्ये वायफाय स्कॅनर आहे, तो फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. तुमच्या सिग्नलचा आकडा बघा, उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ च्या आसपास व्हिडिओ कॉलला चालतं, उणे ७५ च्या खाली गेलं की तुटणारच. मग शेजाऱ्यांचे राउटर कुठल्या चॅनलवर आहेत ते बघा. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, त्यातला सगळ्यात रिकामा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा, ४० केली तर फ्लॅटमध्ये उलट बिघडतं. ३ किंवा ८ रिकामा दिसतोय म्हणून तो घेऊ नका, दोन्हीकडच्यांचा त्रास तुम्हाला आणि तुमचा त्यांना होतो.

५ मध्ये ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ घ्या. मधले ५२ ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत, राउटरला रडारसारखं काही ऐकू आलं की त्याला नियमाने तो चॅनल सोडावा लागतो, आणि तुमच्या बाजूने दिसतं काय तर ५ वालं नेटवर्क अचानक यादीतूनच गायब झालं आणि थोड्या वेळाने परत आलं. विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी हे आवर्जून तपासा. ऑटो चॅनलवर ठेवलेला राउटर आपणहून ह्या चॅनलवर जाऊन बसू शकतो.

तिसरं, दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर थोडे दिवस वेगळी नावं देऊन बघा, समजा घर आणि घर५. हॉलमधून बेडरूममध्ये जाताना मोबाईल एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि त्या उडीत कॉल तुटतो, नावं वेगळी केली की हे लगेच उघडं पडतं. स्मार्ट प्लग, कॅमेरा, जुना प्रिंटर ह्यातली बरीच उपकरणं फक्त २.४ वरच चालतात, त्यांना तिथेच जोडा. सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ केल्यावर जुनी उपकरणं जोडलीच जात नसतील तर डब्ल्यूपीए२ वर आणा, पण पासवर्डशिवाय उघडं कधीही ठेवू नका.

एकाच फोनला त्रास आणि बाकी सगळे मजेत, असं असेल तर राउटरला सोडा आणि त्या फोनमध्ये नेटवर्क फरगेट करून परत जोडा, व्हीपीएन बंद करा, प्रायव्हेट डीएनएस ऑटोमॅटिकवर आणा, बॅटरी सेव्हर काढा.

लांबच्या खोलीसाठी लोक रिपीटर (वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र) आणतात आणि तो नेमका त्या खोलीत लावतात जिथे सिग्नल येतच नाही. त्याला आधी स्वतःला सिग्नल मिळाला पाहिजे ना, तो मध्यावर लावायचा. त्यातही स्वस्त रिपीटर त्याच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर बोलतो म्हणून स्पीड निम्म्याच्या आसपास येतो. मी कुणालाही आधी केबलच ओढायला सांगेन, साधी कॅट ६ केबल भिंतीच्या कडेने त्या खोलीत न्या आणि घरात पडलेला जुना राउटर तिकडे अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वायफाय पुरवण्यापुरता) लावा. मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्या, १९२.१६८.१.२ समजा, आणि केबल वॅनमध्ये नाही तर लॅन पोर्टमध्ये घाला. दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ राहिला तर दोघं भांडतात आणि अख्ख्या घराचं नेट लटकतं.

तक्रार करायचीच असेल तर

लाईनचा दोष निघाला तर आता तुमच्याकडे दिव्यांचा फोटो, वॅन अपटाइम, आरएक्स पॉवरचा आकडा आणि पिंगचा स्क्रीनशॉट आहे. फोनवर "नेट स्लो आहे" म्हणू नका, "एलओएस लाल येतो" किंवा "केबलवर पण पॅकेट लॉस आहे, आरएक्स पॉवर उणे २८ आहे" असं म्हणा (पॅकेट लॉस म्हणजे पिंगमध्ये चुकलेल्या ओळी), संभाषण लगेच बदलतं. डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ट्राय (दूरसंचार नियामक) एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः घेत नाही, पण कंपनीच्या तक्रार केंद्राने दाद दिली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत, आणि तिथे तो डॉकेट नंबर लागतो.

माणूस आला की त्याला त्याच्या पॉवर मीटरवर तुमच्या समोर आकडा मोजायला सांगा, दुरुस्तीच्या आधी आणि नंतर. बऱ्याच कंपन्या तक्रार बंद करायला तुमच्या मोबाईलवर ओटीपी पाठवतात, माणूस घाईत असतो, दाराशी उभा राहून मागतो. त्याला पाणी द्या, पाच मिनिटं बसवा, तेवढ्यात केबलवर आणि वायफायवर दोन्हीकडे पिंग चालवून बघा, आरएक्स पॉवरचा आकडा खरंच सुधारलाय का ते राउटरच्या पानावर बघा, आणि मगच ओटीपी सांगा.